एका खोलीतील ध्वनिमुद्रक



ध्वनिमुद्रिका ऐकताना श्रोत्याचे लक्ष गायकाकडे असते. फार तर वादकाकडे आणि संगीतरचनाकाराकडे जाते. त्या ध्वनीला आकार देणाऱ्या आणखी एका माणसाची मात्र त्याला सहसा आठवण होत नाही. गायकाला मायक्रोफोनपासून किती अंतरावर उभे करावे, वाद्यांचा आवाज किती ठेवावा, दहा वेळा गायिलेल्या गीतातील कोणती आवृत्ती राखावी आणि कोणती पुसून टाकावी, हे तोच ठरवतो. आजच्या भाषणाचा विषय हा माणूस आहे. आणि त्यातही, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या नोकरीत नसलेला, स्वतःच्या जोखमीवर काम करणारा स्वतंत्र ध्वनिमुद्रक व निर्माता.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी या माणसाच्या हाती फारसे काही नव्हते. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन अस्तित्वातच नव्हता. गायिकेने कर्ण्याच्या तोंडाशी गावयाचे आणि त्या आवाजाच्या कंपनांनी सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ ओढावयाची, अशी ती रीत होती. तोल साधावयाचा तर माणसांनाच पुढेमागे सरकवावे लागे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले आणि मायक्रोफोनमुळे कुजबुजही टिपता येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय ध्वनिफीत प्रचारात आली. फीत पुसता येई, कापून जोडता येई, आणि तिची यंत्रे एका माणसाच्या आवाक्यात होती. स्वतंत्र ध्वनिमुद्रकाचा व्यवसाय खऱ्या अर्थाने शक्य झाला तो या फितीमुळे.

या व्यवसायाचे सर्व गुणदोष एकत्र पाहावयाचे असतील, तर अमेरिकेतील मेम्फिस शहराच्या सॅम फिलिप्स यांचे उदाहरण घ्यावे. अलाबामा राज्यात १९२३ साली जन्मलेल्या फिलिप्स यांना ध्वनियंत्रांचा अनुभव नभोवाणी केंद्रावरील नोकरीतून मिळाला होता. ती नोकरी चालू असतानाच जानेवारी १९५० मध्ये त्यांनी युनियन अव्हेन्यूवरील ७०६ क्रमांकाच्या लहानशा जागेत ध्वनिमुद्रणालय उघडले. मॅरियन किस्कर या त्यांच्या सहकारी होत्या. पोटापाण्यासाठी लग्नसमारंभ, भाषणे, अंत्यविधीसुद्धा मुद्रित करण्याची त्यांची तयारी असे. कोणीही हौशी माणूस सुमारे चार डॉलर देऊन स्वतःच्या आवाजाची तबकडी करून नेऊ शकत असे. फिलिप्स यांचा खरा हेतू मात्र वेगळा होता. मेम्फिसच्या परिसरात उत्तम गाणारे अनेक कृष्णवर्णीय कलावंत होते, आणि त्यांच्यासाठी मोठ्या कंपन्यांची दारे जवळजवळ बंद होती. हे गाणे मुद्रित व्हावे, अशी फिलिप्स यांची इच्छा होती.

१९५१ साली आइक टर्नर यांचा वाद्यवृंद मेम्फिसला येत असताना वाटेत गिटारचा ध्वनिवर्धक नादुरुस्त झाला. त्यातून घरघर ऐकू येऊ लागली. दुसऱ्या एखाद्या तंत्रज्ञाने मुद्रण रद्द केले असते. फिलिप्स यांनी फाटक्या पडद्यात कागद कोंबला, आणि जो भरड, जाडसर आवाज निघाला तोच मुद्रित केला. ‘रॉकेट ८८’ नावाची ती ध्वनिमुद्रिका त्या वर्षी अतिशय गाजली. दोष कोणता आणि वैशिष्ट्य कोणते, हे यंत्र सांगत नाही, ते कानाने ठरवावे लागते. ध्वनिमुद्रकाच्या कलेचे मर्म येथे आहे.

त्यांच्या दुसऱ्या एका युक्तीचेही स्पष्टीकरण करणे उचित होईल. फीतयंत्रात मुद्रण करणारा भाग आणि तो ध्वनी पुन्हा वाचणारा भाग यांत थोडे अंतर असते. तेवढे अंतर ओलांडावयास फितीला सेकंदाचा एक लहानसा अंश लागतो. फिलिप्स यांनी दुसरे यंत्र जोडून हा किंचित उशिराने येणारा ध्वनी मूळ ध्वनीत मिसळला. त्यामुळे तीनच माणसांचे गाणे भरदार वाटू लागले. ५ जुलै १९५४ रोजी एल्विस प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांनी त्या खोलीत ‘दॅट्स ऑल राइट’ गायिले, तेव्हा ढोलाचे वादन त्यात नव्हते. विश्रांतीच्या वेळी थट्टामस्करीत सुरू झालेले ते गाणे होते. ते ऐकताच फिलिप्स यांनी त्यांना पुन्हा आरंभापासून गावयास सांगितले. आजच्या अर्थाने मिश्रणाची सोय तेव्हा नव्हती; सर्व आवाजांचा तोल गाणे चालू असतानाच साधावा लागे, आणि एकदा चुकलेला तोल मागाहून सुधारता येत नसे.

तथापि चांगला कान असला म्हणजे व्यवसाय चालतोच असे नाही. १९५२ मध्ये फिलिप्स यांनी ‘सन’ ही स्वतःची कंपनी सुरू केली, आणि लहान निर्मात्याच्या अडचणी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. तबकड्या छापणाऱ्या कारखान्याला पैसे आधी द्यावे लागत. विक्रेत्यांकडून ते मागाहून, तेही सावकाश येत. म्हणजे गाणे जितके गाजावे तितकी रोख रकमेची चणचण वाढावी, अशी विपरीत स्थिती होती. फिलिप्स स्वतः मोटारीत तबकड्या भरून गावोगावच्या विक्रेत्यांकडे जात. १९५३ मध्ये गाजलेल्या एका गीताला उत्तर म्हणून त्यांनी काढलेल्या ध्वनिमुद्रिकेवरून खटला झाला आणि तो ते हरले. हाउलिन वुल्फसारखे कलावंत, ज्यांचे गाणे त्यांनी प्रथम मुद्रित केले होते, मोठ्या शहरातील कंपन्यांकडे निघून गेले. शेवटी नोव्हेंबर १९५५ मध्ये त्यांनी प्रेस्ली यांचा करार आर. सी. ए. कंपनीला ३५,००० डॉलरना विकला. पुढील काळातील प्रेस्ली यांची कीर्ती पाहता हा व्यवहार अनेकांना हास्यास्पद वाटतो. परंतु त्या रकमेने कंपनी तरली, आणि लगेच कार्ल पर्किन्स यांच्या ध्वनिमुद्रिकेला यश लाभले.

याच कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. प्रेस्ली यांच्या यशानंतर ‘सन’मध्ये कृष्णवर्णीय गायकांचे मुद्रण उत्तरोत्तर कमी झाले. ज्यांच्यासाठी ते दार उघडले होते, त्यांच्यापैकी कित्येकांना ते पुन्हा मिटल्यासारखे वाटले. स्वातंत्र्य हे कंपनीच्या मालकापासून मिळते. बाजारापासून मिळतेच असे नाही.

१९५७ मध्ये लेस पॉल यांच्यासाठी आठ पट्ट्यांचे फीतयंत्र तयार झाले आणि पुढे मुद्रण व मिश्रण ही दोन स्वतंत्र कामे बनली. प्रत्येक वाद्य निराळ्या पट्टीवर घ्यावे आणि सर्वांचा तोल नंतर सावकाश साधावा, अशी पद्धत रूढ झाली. त्यानंतर संगणक आला. आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी चेन्नईत राहत्या घराच्या आवारात ध्वनिमुद्रणालय उभारले, आणि १९९२ मध्ये ‘रोजा’चे संगीत देशभर पोहोचले. आज तर एखाद्या तालुक्याच्या गावातील तरुणही घराच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, पूर्ण गीत तयार करू शकतो. कारखान्याची अडचण संपली. पण ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची आणि मोबदल्याची अडचण संपलेली नाही.

म्हणूनच या व्यवसायात पडणाऱ्याने कायदाही जाणून घेतला पाहिजे. भारतातील १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता होय; मिश्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला केवळ त्या कामामुळे असा हक्क मिळत नाही. १९९४ मध्ये गायक-वादकांचे हक्क मान्य झाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या मानधनातील वाट्याला संरक्षण मिळाले. जो माणूस एकाच वेळी निर्माता आणि तंत्रज्ञ असतो, त्याने आपण कोणत्या नात्याने काम करीत आहोत हे प्रथमच लिहून ठेवावे. त्याचप्रमाणे आपल्या दारी आलेल्या लोककलावंताचे नाव ध्वनिमुद्रिकेवर नोंदवावे, मोबदला ठरवावा आणि त्याची प्रत त्याच्या हाती द्यावी. घरच्या खोलीत काम करणाऱ्याला हे करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही, आणि न करण्यास कोणत्याही मालकाची सबब सांगता येत नाही.