मुळशीची वीज आणि पोरांचा इतिहास

(घोटावडे, तालुका मुळशी, येथील सभेत केलेले भाषण)



घोटावड्याच्या या सभेला गिरणगावातून मंडळी आली आहेत. गिरण्या बंद पडल्यावर गावी परतून भातखाचरात उतरलेले जुने साचेवाले आहेत. आणि पुढे सतरंजीवर बसली आहेत ती त्यांची नातवंडे, हायस्कुलात जाणारी. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या नातवंडांच्या दप्तरातल्या एका पुस्तकाविषयी. ते पुस्तक इतिहासाचे.

तुम्ही म्हणाल, काय हो, आमच्या घरांचा प्रश्न अजून पुरता सुटला नाही आणि तुम्ही पोरांच्या पुस्तकाचे काय घेऊन बसलात? तर घरापासूनच सुरुवात करू. गिरणी कामगाराच्या घरासाठी अर्ज केलात तेव्हा तुमच्याकडे काय मागितले? पुरावा. तुम्ही खरोखरच गिरणीत होता याचा कागद दाखवा, म्हणाले. तिकीट नंबर, हजेरीचे कार्ड, ईएसआयचा कागद, प्रॉव्हिडंट फंडाची पावती. ज्याने आयुष्यभर साचा चालवला त्याला ट्रंक उपसावी लागली, आणि ज्याची ट्रंक चाळीच्या गळतीत भिजली तो हात चोळीत बसला. इतिहासाच्या भाषेत त्या कागदांना साधने म्हणतात. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखन हा भाग आहे. साधने कशी गोळा करावी, कशी पारखावी, हे पोरगे त्यातून पाठ करते, परीक्षेत लिहिते. त्याच्याच घरात पलंगाखाली आजोबांची ट्रंक असते. या दोहोंची गाठ कोणी घालून देत नाही. आमचे गाऱ्हाणे ते हेच.

आम्ही मास्तरांना दोष देत नाही. पोर्शन पुरा करायचा, पेपर तपासायचे, मतदारयाद्या करायच्या, जनगणना आली की तीही करायची, यात मास्तरांचा जीव मेटाकुटीला येतो. पोरांना सनावळी पाठ होते. १८५७, १८८५, १९२०, १९३०, १९४२, १९४७, मग १९६०. एकेका सनापाशी एकेक पुढारी उभा. पोरांना वाटते, इतिहास म्हणजे दुसरीकडे कुठेतरी, दुसऱ्या कुणाला तरी झालेली गोष्ट. सभा अमृतसरला, मोर्चा दांडीला, ठराव मुंबईला. आपल्या गावात काय, तर एस.टी. येते आणि जाते.

आता बघा. आपण बसलो आहोत ते मुळेच्या खोऱ्यात. येथून पश्चिमेला पौडाच्या पुढे गेले की मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण लागते. ते टाटांच्या कंपनीने विजेसाठी बांधले. पहिले महायुद्ध संपत आले होते, मुंबईच्या गिरण्यांना वीज पाहिजे होती. खोपोलीचे वीजघर १९१५ सालीच सुरू झाले होते, पण तेवढ्याने भागेना. तेव्हा नजर मुळशीवर गेली. पाऊस भरपूर, दरी खोल, आणि कड्यापलीकडे खाली कोकण. पाणी अडवायचे, बोगद्याने घाटमाथ्यापलीकडे न्यायचे आणि कड्यावरून खाली सोडायचे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, भिरा येथे १९२७ साली वीजघर चालू झाले. म्हणजे जे पाणी पूर्वेकडे, आपल्या दारावरून वाहायचे, ते पश्चिमेला वळले आणि विजेच्या तारेवर चढून परळ-लालबागला गेले.

ती तार साच्यापर्यंत आली. आपल्या साच्यापर्यंत! पूर्वी एका इंजिनावर सगळे खाते चालायचे, छतावरून पट्टे फिरायचे, कोळशाच्या धुराने गिरणगाव काळा. मग मोटारी आल्या. धोटा पळायचा, सूत तुटायचे, ते जोडायचे, आणि पाळी संपली की घरी. मोटार फिरते कशावर हे विचारायला कुणाला फुरसत होती? आम्हीही तेव्हा कोणी तसे विचारलेले ऐकले नाही.

पण त्या तारेच्या या टोकाला काय होते ते पोरांना सांगितले पाहिजे. धरणाखाली जाणारे खोरे म्हणजे आंबेमोहोराच्या भाताचे माहेर. पन्नासाच्या आसपास गावे आणि हजारो माणसे यांवर नोटीस आली. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादनाचा कायदा वापरला. त्या कायद्यात 'सार्वजनिक प्रयोजन' असे दोन शब्द आहेत. ते दोन शब्द कुळवाड्याच्या घरावरून नांगर फिरवायला पुरतात. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजारांवर मावळे धरणाच्या कामावर चालून गेले. हातात काठी नाही, कोयता नाही. चालले आणि जाऊन बसले. काम थांबवावे लागले. पुढे वर्षअखेरीस पुन्हा लढा पेटला. विनायकराव भुस्कुटे होते, पांडुरंग महादेव बापट होते. 'सेनापती' ही पदवी बापटांना कोठल्या रणांगणावर नाही मिळाली, ती या मुळशीत मिळाली. बाया तुरुंगात गेल्या, पोरे गेली. मोठ्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे केलेला हा जगातला पहिला लढा, असे राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली आपल्या पुस्तकाच्या नावातच म्हटले आहे. जगातला पहिला! आणि तो तुमच्या तालुक्यातला.

सांगा, घोटावड्याच्या पोराला इतिहास शिकवायला यापेक्षा चांगला धडा कुठला? पुस्तकात मुळशीला दोन-चार ओळी मिळोत की चौकट मिळो, तेवढ्याने काम होत नाही. हा धडा शिकवायला आठ दिवस पाहिजेत. आणि तो शिकवताना गोड करून शिकवू नये.

गोड करून म्हणजे काय? म्हणजे असे की शूर मावळे एका बाजूला, दुष्ट कंपनी दुसऱ्या बाजूला, टाळ्या वाजवा, घरी जा. तसे नव्हते. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. सावकाराला जमीन म्हणजे व्याज. मोबदल्याचा आकडा समोर आला तेव्हा त्याचा हिशेब निराळा आणि कसणाऱ्याचा हिशेब निराळा. सभेत एकत्र बसलेली माणसे पैशाच्या वेळी दोन बाजूंना गेली. लढा मोडला तो एकट्या पोलिसांच्या लाठीने नाही. हे पोरांना सांगायचे का? आम्ही म्हणतो, सांगायचेच. ज्याने १९८२ चा संप पाहिला त्याला फूट कशी पडते हे नव्याने शिकवावे लागत नाही, पण त्याच्या नातवाला शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे आणि ती आपल्याच सभेत बोलली पाहिजे. कंपनीचे म्हणणे काय होते? कोळसा वाचेल, शहराचा धूर कमी होईल, गिरण्या वाढतील, हजारो हातांना काम मिळेल. हे सगळे खोटे होते का हो? काम मिळालेच की. त्या विजेवर आपली चूल पेटली, आपण गावी मनिऑर्डर केली, पोरे शिकवली. मुळशीचा शेतकरी बुडाला आणि परळचा कामगार कामाला लागला, आणि दोघेही एकाच मराठी मुलखातले, कित्येकदा एकाच भावकीतले. मग न्याय कोणाच्या बाजूला? वर्गात हा प्रश्न टाकावा आणि मास्तरांनी थोडा वेळ गप्प बसावे. पोरांनी भांडावे. अर्ध्या वर्गाने कामगार व्हावे, अर्ध्याने शेतकरी. एखादा म्हणेल, वीज पाहिजे होती पण मोबदला पुरा पाहिजे होता. एखादी म्हणेल, जमिनीचा मोबदला होतच नाही. एखादा मागच्या बाकावरचा म्हणेल, कंपनीला नफा झाला त्यात वाटा का नाही? हा मागच्या बाकावरचा पोरगा पुढे जाऊन काही तरी करील अशी आमची खात्री आहे.

हे शंभर वर्षांपूर्वीचे, आज त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. तो १८९४ चा कायदा इंग्रज गेल्यावरही गेला नाही. १ जानेवारी २०१४ ला नवा कायदा लागू झाला तेव्हा तो गेला. म्हणजे स्वतंत्र भारतात सहासष्ट वर्षांवर तो आपल्या जमिनीवर चालला. घोटावड्याच्या शेजारी हिंजवडी. तेथे काचेचे इमले उभे राहिले. या खोऱ्यातल्या सातबाऱ्यावरची नावे कशी बदलली हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नववीच्या पोराला सातबारा वाचायला शिकवा. त्यात वारसाची नोंद असते, कुळाची असते, बोजा असतो, फेरफार असतो. सनावळीपेक्षा त्यातून अधिक इतिहास कळेल, आणि उद्या कोणी दलाल दारात आला तर पोरगे बापाच्या आधी कागद वाचील.

आता मुळशीपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत जाऊ. वाट लांब वाटते, पण एक माणूस ती चालून गेला आहे. सेनापती बापटांनी डिसेंबर १९२४ मध्ये पिस्तूल घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. (हा सत्याग्रह म्हणायचा की नाही, यावरही वर्गात वाद होऊ द्या. त्या वेळीही झाला होता.) १८८० चा जन्म. नोव्हेंबर १९५५ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत मोर्चे निघाले तेव्हा हा पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा पुढे होता, आणि मागे कोण होते? गिरण्यांचे साचे बंद करून आलेले तुम्ही, तुमचे वडील. एकवीस तारखेला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात देण्याची घोषणा झाली तेव्हा पुन्हा झाला. शंभरावर माणसे गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि १ मे १९६० ला राज्य आले. आठवीच्या पोराला हे शेवटच्या धड्यात असते. तो धडा येतो वर्ष सरताना, परीक्षा तोंडावर असताना. मास्तर म्हणतात, वाचून घ्या. ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या वाट्याला 'वाचून घ्या' आले!

त्या वेळी एक सवाल होता: मुंबई कोणाची? भांडवल घालणाऱ्याची की घाम गाळणाऱ्याची? मुळशीतही सवाल हाच होता, फक्त मुंबईच्या जागी दरी होती. बापटांना दोन्ही ठिकाणी जावेसे का वाटले, हे ज्या पोराला समजले त्याला आधुनिक इतिहासाचा एक धागा सापडला. राष्ट्र मोठे करायचे म्हणजे कोणी काय द्यायचे आणि कोणाला विचारून, हा तो धागा. तो धरून मागे जा. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, लष्कराच्या गोळ्या खाऊन. १८९० साली रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या मागणीतून. पोरगे आज रविवारी क्रिकेट खेळते ना, त्याला हे सांगा. बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडला. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा, गिरणीत काम करणारा बावीस वर्षांचा पोरगा. त्याचे नाव पुस्तकात असते. तो गिरणीवाला होता हे पोरांच्या ध्यानात राहत नाही, कारण गिरणी म्हणजे काय हेच त्यांना आता ठाऊक नाही. त्यांना गिरणी म्हणजे पिठाची. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, चिमणी कुठे कुठे शोभेला ठेवली.

म्हणून आम्ही काय मागतो ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा जो वीस-पंचवीस वर्षांचा बदली कामगार होता तो आज सत्तरीच्या घरात आहे. त्याला शाळेत बोलवा. खुर्ची द्या, हार नको. पोरांनी विचारावे आणि त्याने सांगावे: खोलीत किती जण राहत होता, पहिला पगार किती, भोंगा किती वाजता, संपात घरी काय शिजले, मुकादम कसा होता, कामावर परत कोण गेले आणि का. पोरांनी वहीत उतरून घ्यावे आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावे. म्हातारा चुकेल. सन इकडचा तिकडे करील, आपल्या युनियनची बाजू जास्त सांगेल. हरकत नाही, माणूस आहे. कुठे चुकला ते शोधणे हाच दहावीचा पहिला धडा.

आणि एक दिवस पोरांना धरणावर न्या. घोटावड्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परत. भिंत दाखवा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर नेले तर अधिक बरे. जाताना एखाद्या घरातल्या आजीला बरोबर घ्या, तिच्या सासूकडून ऐकलेली बुडालेल्या गावांची नावे तिला येत असतील तर ती तिच्या तोंडून येऊ द्या.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुनी पगाराची चिठ्ठी असेल, हजेरीचे कार्ड असेल, युनियनची वर्गणीची पावती असेल, त्यांनी ती फेकू नये, रद्दीत घालू नये. मूळ कागद घरातच ठेवावा, शाळेला झेरॉक्स द्यावी. मागे नाव, खाते, गिरणी आणि साल लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे पुढे बसलेली ही पोरे लिहून घेतील. पोरांनो, वही आणली आहे ना? मग सभा झाली की उठू नका, डावीकडच्या रांगेपासून सुरुवात करा.