जुन्या पलटणींचे फेटे व बिल्ले



ज्या संग्रहाविषयी आम्ही आज बोलणार आहोत, त्याचे साहित्य आपणांपैकी कित्येकांच्या माळ्यावरील लोखंडी ट्रंकेतच पडून आहे. पणजोबांचा खाकी फेटा, त्याखालचा टोकदार कुल्ला, टोपीचा बिल्ला आणि खांद्यावरील पितळी अक्षरे, एवढाच तो ऐवज. मोडीत घातल्यास चहाचे पैसेही सुटावयाचे नाहीत.

परंतु बिल्ला वाचता आला पाहिजे. मराठा पलटणींचेच उदाहरण घ्या. १९०३ साली हिंदी सैन्यातील पलटणींना नवे क्रमांक मिळाले. १९२२ साली ते पुन्हा बदलले आणि १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या सहा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. तेव्हा पितळेवर ११० हा आकडा दिसला, की ती वस्तू या एकोणीस वर्षांतली समजावी. ही पलटण, १०३ व ११७ यांच्यासह, मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली होती. १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, तेथील सैन्य तुर्कांना शरण गेले. ज्या घरात ‘आजोबा तुर्कांच्या कैदेत होते’ एवढीच आठवण उरली आहे, त्या घरास या तीन अंकांचे मोल निराळे सांगावयास नको.

राजमुकुटाचा बिल्ला प्रजासत्ताकापूर्वीच्या पद्धतीचा. १९५० पासून मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

आता नकलांविषयी. ठशाने ठोकलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढील आकृतीची खोलगट छाप असते. ओतीव नकलेची पाठ खरबरीत लागते. तथापि आपल्याकडील खांद्यावरची अक्षरे पुष्कळदा मुळातच ओतीव असत. तेव्हा ‘ओतीव म्हणजे खोटे’ असे ठरवून शहाण्या संग्राहकांनीही अस्सल वस्तू टाकू नयेत.

भगिनींना विशेष विनंती अशी, की दिवाळीच्या साफसफाईत हे पितळ चिंचेने वा राखेने घासू नये. ते लखलखीत होते खरे, पण अक्षरांच्या कडा झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे. लोकरी कपड्यांस कसर लागते. ते अधूनमधून सावलीत हवेशीर ठेवून, डांबराच्या गोळ्या घालून, सुती कापडात गुंडाळावेत.

वस्तू मंडळास देण्याचा आग्रह नाही. त्या आपापल्या घरीच असाव्यात. मात्र ज्याने त्या वापरल्या त्याचे नाव, गाव व पलटण एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच ट्रंकेत ठेवावी, आणि सेवामुक्तीचा कागद असल्यास तो बिल्ल्यापासून वेगळा करू नये. नाव सांगू शकणारी वडील माणसे अद्याप घरात आहेत, तोवरच हे काम उरकून घ्यावे.