उतारवयांतील पायगाडी

पायगाडी, म्हणजेच आजची सायकल, मनुष्याच्या आयुष्यांत बहुधा तीन वेळां येते. बाळपणीं ती खेळणें असते. ताशीं भाड्यानें आणलेल्या सायकलीवर ढोपरें फोडून घेत मूल तोल सांभाळावयास शिकतें. तरुणपणीं ती वाहन असते; शाळा, कचेरी किंवा गिरणी गांठण्यासाठीं ती राबते, आणि इंजिनाची दुचाकी घेण्याची ऐपत येतांच जिन्याखालीं जाऊन पडते. पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. तेथल्या कित्येक घरांचा इतिहास हाच आहे. तिसऱ्यांदा ती येते साठीच्या आसपास. या वेळीं कोठें वेळेवर पोहोंचावयाचें नसतें, कोणाला मागें टाकावयाचें नसतें. तरीहि माणसें पहांटे उठून ती बाहेर काढतात. त्यांना तिच्यांत काय गंवसतें, हें पाहण्याजोगें आहे.

पहिलें कारण देहाचें. चालतांना शरीराचा सारा भार गुडघ्यांवर व घोट्यांवर येतो. सायकलीवर तो बराचसा सीट व हँडल यांवर वांटला जातो, आणि पायांकडे चाक फिरविण्याचें काम तेवढें उरतें. म्हणून थोडें चालतांच ज्याचे गुडघे कुरकुरतात, त्यालाहि पुष्कळदां सायकलीवर बरेंच दूर जाऊन येतां येतें. २०१८ सालीं लंडनचें किंग्ज कॉलेज व बर्मिंगहॅम विद्यापीठ येथील संशोधकांनीं ५५ ते ७९ वर्षें वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी प्रसिद्ध केली. पुरुषांनीं १०० किलोमीटर साडेसहा तासांच्या आंत, व स्त्रियांनीं ६० किलोमीटर साडेपांच तासांच्या आंत कापणें, ही त्यांच्या निवडीची अट होती. या मंडळींत वयाबरोबर स्नायूंचें बळ घटल्याचें दिसलें नाहीं. आणि वयाबरोबर आक्रसत जाणारी थायमस ही ग्रंथि त्यांच्या देहांत तरुणांइतक्याच रोगप्रतिकारक पेशी घडवीत होती. अर्थात् मुळांत सुदृढ असलेलीं माणसेंच अशी अट पुरी करूं शकतात, हेंहि विसरतां कामा नये. शिवाय हाडें बळकट राहण्यास त्यांवर अंगाचा भार पडावा लागतो, आणि तो सायकलीवर फारसा पडत नाहीं. तेव्हां सायकल आली म्हणून चालणें सोडूं नये.

परंतु केवळ प्रकृतीसाठीं पत्करलेली गोष्ट फार दिवस टिकत नाहीं. खरें आकर्षण स्वाधीनतेचें आहे. निवृत्त मनुष्याचा दिवस हळूहळू दुसऱ्यांच्या सोयीनें चालूं लागतो. दवाखान्यांत मुलाला सवड होईल तेव्हां जावयाचें, नातलगांकडे कोणी मोटारींतून नेईल तेव्हां जावयाचें. सायकलीवर मात्र निघावयाचें केव्हां, थांबावयाचें कोणत्या झाडाखालीं आणि परतावयाचें कोठून, हें ज्याचें तोच ठरवितो. जें अंतर कापलें तें स्वतःच्या बळावर कापलें, ही जाणीव तरुणाला नित्याची असते. वृद्धाला ती मिळवावी लागते, म्हणून गोड लागते.

या स्वाधीनतेचा एक शत्रु आहे, तो म्हणजे ऐट. फ्रान्समध्यें पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) या गृहस्थानें ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें हौशी सायकल-प्रवासाचा प्रसार केला. भोंवतालच्या डोंगरांच्या चढणी सुसह्य व्हाव्या म्हणून त्यानें गिअर बदलण्याच्या नाना युक्त्या करून पाहिल्या. साखळी योग्य त्या दांतेरी चक्रावर सरकविली कीं पाय अधिक वेळां फिरतात, पण दर फेऱ्यास जोर कमी लागतो, इतकेंच त्यांतलें रहस्य. पण ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनीं १९०२ सालीं लिहिलें कीं असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठींच ठीक. खऱ्या गड्यानें स्नायूंच्या बळावर जिंकावें. साखळी सरकविणाऱ्या गिअरास त्या शर्यतींत १९३७ सालीं मुभा मिळाली, आणि आज एकहि स्वार त्यावांचून तींत उतरत नाहीं. म्हाताऱ्यांची म्हणून हिणवलेली सोय तरुणांनींच उचलली! व्हेलोसिओचा उपदेश साधा होता: भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं पाणी प्यावें, आणि ऐटीपायीं पेडल कधींहि मारूं नये.

हा शेवटचा उपदेश वृद्ध स्वारानें विशेष ध्यानांत धरावा. आडवा दांडा ओलांडतांना तोल जातो, तरी ‘लेडीज’ सायकल नको, असा पुष्कळ पुरुषांचा हट्ट असतो. विजेच्या सायकलीबद्दलहि देग्रांज यांचाच आक्षेप पुन्हां ऐकूं येतो. वस्तुतः चढणीवर बॅटरीचें साहाय्य घेऊन जो घराबाहेर पडतो, तो ऐटीपायीं घरींच बसणाऱ्यापेक्षां अधिक स्वाधीन नव्हे काय?

रोबेर मार्शां या फ्रेंच गृहस्थाचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. १९११ सालीं जन्मलेल्या या मनुष्यानें सदुसष्टाव्या वर्षीं पुन्हां नेटानें सायकल धरली. शंभराव्या वर्षीं, २०१२ सालीं, त्यानें तासाभरांत २४.२५१ किलोमीटर अंतर कापलें; १०२ व्या वर्षीं २६.९२७, आणि १०५ व्या वर्षीं, २०१७ सालीं, २२.५४७. या शेवटच्या वेळीं दहा मिनिटें उरल्याची पाटी दिसली नाहीं, नाहीं तर आणखी वेग घेतला असता, असें तो म्हणाला. दोन विक्रमांमधील वर्षांत एका तज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखालीं नियमित सराव केल्यानें त्याची प्राणवायु वापरण्याची शक्ति वाढलेलीहि आढळली. परंतु तिसरा आंकडा दुसऱ्यापेक्षां लहान आहे, तेंहि पाहावें. तो कमी झाला म्हणून त्या मनुष्यानें चाक टाकलें नाहीं. २०१८ सालीं त्यानें स्पर्धांचा निरोप घेतला, आणि २०२१ सालीं १०९ वर्षांचा होऊन तो वारला.

राहिला प्रश्न घरच्यांचा. आजोबा किंवा आजी सायकल घेऊन निघालीं कीं मुलांचा जीव वर-खालीं होतो, आणि ‘आतां पुरे’ हा शब्द ओंठांवर येतो. ती भीति खोटी नाहीं. रस्ते बेपर्वा झाले आहेत, आणि त्या वयांत मोडलेलें हाड लवकर जुळत नाहीं. पण सायकल कुलपांत ठेवण्यापूर्वीं करण्याजोगें पुष्कळ आहे. वर्दळ वाढण्यापूर्वींची वेळ निवडावी, ब्रेक व दिवा नीट आहेत ना हें पाहावें, डोक्यावर शिरस्त्राण असावें, डोळे व रक्तदाब तपासून घ्यावे, वाटेंत सोबत असावी. इतकें करूनहि एक दिवस थांबावें लागेल, हें त्या स्वारालाहि ठाऊक असतें. तो दिवस शक्यतों त्याचा त्यालाच ठरवूं द्यावा. कारण सायकलीनें उतारवयांत त्याला जें परत मिळवून दिलें, तें नेमकें स्वतः ठरविण्याचें बळ होय.