बारा तासांची सिस्टर
(युवक कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

हा उभा राहिला म्हणजे कविता वाचणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आज कविता नाही. आज टॅली सांगणार आहे. गोदीत माल उतरतो तेव्हा एक माणूस वही घेऊन उभा असतो. गोणी किती, पेट्या किती, फुटल्या किती, सगळं लिहितो. मी मॅट्रिक झालेला कंत्राटी कामगार. मोठा हिशेब मला येत नाही, हा येतो. तोच मी एका रात्री इस्पितळाच्या खाटेवर पडून केला.

गेल्या पावसाळ्यात लोखंडाची पट्टी माझ्या पायावर बसली. कंत्राटदाराच्या माणसानं टॅक्सीत घातलं, एका मोठ्या इस्पितळाच्या दारात उतरवलं नि पसार झाला. हाडांचा वॉर्ड. खाटा ४०, खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या ११. रातपाळीला सिस्टर एक. हाताखाली एक मावशी आणि एक शिकाऊ पोरगी. पाय ठणकत होता, झोप येईना. सिस्टरचं टेबल माझ्या खाटेसमोरच. म्हणून मी टॅली धरली.

सलाईनच्या बाटल्या बदलल्या १७. इंजेक्शनं ३० पर्यंत मोजली, पुढं चुकलो. एका म्हाताऱ्याचं दोनदा पुसलं, चादर बदलली. दारू पिऊन आलेल्या एका नातेवाइकाच्या शिव्या खाल्ल्या. पहाटे पावणेचारला एक पोरगा गेला. रेल्वेखाली सापडलेला, वीसेक वर्षांचा. तिनं त्याच्या नळ्या काढल्या, डोळे मिटले, हातपाय सरळ केले, बाहेर बाकावर बसलेल्या बापाला उठवून सांगितलं. हात धुतले नि चौदा नंबरला इंजेक्शन द्यायला गेली. रडायलासुद्धा त्या रात्रीत जागा नव्हती. मधल्या वेळात ती लिहीत होती. कारण जे लिहिलं नाही ते केलंच नाही, असं साहेब लोक धरतात. डबा दोनदा उघडला, खाल्ला एकदाही नाही. पाळी सकाळी आठला संपली. बदलीची सिस्टर आली नाही. ही गेली दहा वाजून वीस मिनिटांनी.

गोदीत एका माणसाच्या अंगावर एवढा माल टाकला असता तर अख्खी टोळी खाली बसली असती. मुकादमाला घेराव पडला असता. वॉर्डात काय झालं? वॉर्ड म्हणाला, "सिस्टर म्हणजे देवमाणूस."

दोस्तहो, एखाद्याला देवमाणूस म्हटलं की त्याचे तास मोजावे लागत नाहीत. देवाला ओव्हरटाइम कोण देतो?

आणि हिशेब कुणाला माहीत नाही असं नाही. भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण छापील आहे. जिथं डॉक्टर शिकतात त्या इस्पितळात तीन रुग्णांमागे एक नर्स, साध्या इस्पितळात पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकामागे एक. माझ्या वॉर्डात त्या रात्री ५१ माणसांमागे एक होती. पन्नासांचं काम एकीकडून करून घ्यायचं आणि १२ मेला नाइटिंगेलच्या वाढदिवशी तिच्या हातात गुलाबाचं फूल द्यायचं!

आता घरचं सांगतो. माझी ताई नर्स आहे. जीएनएम झालेली. आईनं चार घरची धुणीभांडी करून तिची फी भरली. ताई एका खाजगी नर्सिंग होममध्ये आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, नाहीतर रात्री आठ ते सकाळी आठ. जाऊन-येऊन लोकलचे तीन तास वेगळे. म्हणजे पंधरा तास. मूळ सर्टिफिकेटं मालकाच्या कपाटात. सोडून जायचं तर आधी पैसे भर, मग कागद ने. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या जानेवारीत खाजगी नर्सांच्या पगाराबद्दल केंद्राला निर्देश दिले. त्यानंतर नेमलेल्या समितीनं सांगितलं, पन्नासहून कमी खाटांचं इस्पितळ असलं तरी महिना २०,००० हून कमी देऊ नका, आणि मोठ्या इस्पितळांनी सरकारी पगाराच्या जवळ जा. शिफारस कागदावर आहे. ताईच्या हातात १३,५०० पडतात.

पण मी आज मालकाविरुद्ध बोलायला उभा नाही. ते आपल्याला येतंच. मी माझ्याविरुद्ध बोलायला उभा आहे.

आपला मोर्चा होता. कंत्राटी पद्धत बंद करा, तास कमी करा. घसा बसेपर्यंत ओरडलो. रात्री साडेदहाला चौघे मित्र घेऊन घरी गेलो. ताई अर्ध्या तासापूर्वीच आलेली. मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. मी काय म्हणालो? म्हणालो, "ताई, पाच कप चहा टाक."

ती उठली. ओल्या पायानं ओट्याशी गेली. आम्ही इकडं क्रांतीवर बोलतोय, तिकडं दूध ओतू गेल्याचा वास आला. बघतो तर ओट्याची कड धरून ताई उभ्या उभ्या झोपलेली.

मित्र गेल्यावर मी विचारलं, "ताई, तिकडं वॉर्डात असं झालं तर?"

ती म्हणाली, "झालंय रे. एकदा दुसरंच अँप्यूल उचललं होतं. भरायच्या आधी लेबल वाचायची सवय, म्हणून वाचलं. नाहीतर माणूस गेला असता."

"मग सांगितलंस कुणाला?"

"कुणाला सांगू? सांगितलं तर मेमो मला. बारा तासांना मेमो कोण देणार?"

दोस्तहो, ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून तो इथं घेऊन आलोय.

हा 'सेवा' शब्द आपल्याला नवा नाही. आमची आजी गावात बाळंतपणं करायची. वरच्या आळीतलं पोर तिच्या हातात जन्मायचं, नाळ तिनं कापायची. मग त्या पोराला अंघोळ घालून आजीचा विटाळ धुवून घरात घ्यायचं. मोबदला शिळी भाकर नि जुनं लुगडं. त्यालाही सेवाच म्हणत होते. रक्त, पू, हगणं ज्याच्या हातात द्यायचं, त्याला मजुरी द्यायची नाही, पुण्य द्यायचं, ही इथली जुनी रीत. सेवा हाच शूद्राचा धर्म असं सांगणारी मनुस्मृती महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जाळली. पुस्तक जळलं, पण तो शब्द पांढरा गणवेश घालून इस्पितळात कामाला लागला.

कुणी म्हणेल, सावित्रीबाईंनी नाही का सेवा केली? केली. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी पाठीवर घेतलं, यशवंताच्या दवाखान्यात नेलं. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. पण सावित्रीबाईंना त्या पोराजवळ कुणी बारा तासांच्या पाळीवर लावलं नव्हतं. त्यांच्या मरणाचा दाखला देऊन ताईचा पगार कापायचा कुणाला अधिकार नाही. आपल्याच सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून गिरणी कामगाराला १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. ताईला अजून ठरलेला रविवार नाही.

बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. सहा दिवसांनी भागा, आठ येतात. पण इस्पितळ म्हणे कारखाना नव्हे. आणि आता तर उलटी गंगा. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. म्हणजे नर्सला आठ तास मिळायचे सोडून आपल्यालाच तिचे बारा लावायला निघालेत. तिची लढाई वेगळी नि आपली वेगळी, असं म्हणायची सोय आता राहिली नाही.

म्हणून सांगतो. आपल्या वस्तीत किती पोरी नर्सिंग करतात, त्याची यादी शाखेनं करावी. कोण किती तास राबते, हातात किती पडतात, सर्टिफिकेट कुणाच्या कपाटात आहे, हे वहीत लिहावं. एकटी बोलली तर मेमो येतो. पन्नास जणींची वही टेबलावर पडली तर मालकाला मेमो कुणाकुणाला द्यावा कळणार नाही. पुढच्या बैठकीत इथं मी नको, त्यांच्यातली एखादी बोलायला हवी. आणि ती बोलत असताना चहा आपण करायचा.

काल रात्री मी केला. पाणचट झाला. ताईनं अर्धा घेतला नि तशीच आडवी झाली. कप मी विसळला. क्रांती केली असं म्हणत नाही. टॅलीत माझ्या नावावर अजून बरंच देणं आहे.

जय भीम.