वणवा विझल्यानंतरचा हिरवा रंग

पणजीच्या काठाने जी मांडवी वाहते, तिलाच वर सत्तरीत म्हादई म्हणतात. त्या म्हादईच्या अभयारण्यात 2023 च्या मार्च महिन्यात वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन धावली. आग विझली. परंतु जळालेले रान पुन्हा रान झाले काय, हे कळण्यास वर्षे लागतात, आणि त्या कामी आता कृत्रिम उपग्रहांचे साहाय्य घेता येते.

उपग्रहाचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा नव्हे. निरोगी पान तांबड्या प्रकाशापलीकडील, आपणांस न दिसणारे अवरक्त किरण मुबलक परतविते. रान जळाले की हे परावर्तन घटते. उलट करपलेल्या, कोरड्या जमिनीवरून त्याहून लांब लहरींचे अवरक्त किरण अधिक येऊ लागतात. या दोहोंच्या वजाबाकीस त्यांच्याच बेरजेने भागले की एक अंक मिळतो. आगीपूर्वीच्या अंकातून आगीनंतरचा वजा करावा, म्हणजे कोणत्या तुकड्याची होरपळ किती, याचा अदमास होतो. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची या हिशेबास लागणारी चित्रे 20 मीटरांपर्यंतचा तुकडा वेगळा दाखवितात. अमेरिकेच्या आजच्या लँडसॅटचा तुकडा 30 मीटरांचा. पण ती मालिका 1972 पासूनची असल्याने तिची स्मरणशक्ती दांडगी.

खरी अडचण पुढेच आहे. जून ते सप्टेंबर गोव्यावर ढगांचे छत असते आणि ही चित्रे बहुधा निरुपयोगी ठरतात. छत सरते तेव्हा जळका डोंगर हिरवागार! अंक सुधारलेला, कागदोपत्री रान बरे झालेले. पण ते हिरवेपण कशाचे? गवताचे असेल, किंवा अमेरिकेतून आलेल्या रानमोडीचे. आणि रानमोडी उन्हाळ्यात वाळली म्हणजे पुढील वणव्याचे सरपण तीच. उलट, पाचोळ्यातून सरपटत गेलेल्या आगीत रोपे मेली, तरी वरचा पर्णभार शाबूत असल्यास वरून काहीच घडले नाही असे भासते.

पानगळीच्या रानात मार्चचे चित्र नोव्हेंबरच्या चित्राशी ताडणे हीही फसवणूकच. मार्चशी मार्चच ताडला पाहिजे, आणि तोही अनेक वर्षांचा.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार 1 हेक्टर वा अधिक जमिनीवर झाडांच्या छायेचे प्रमाण 10 टक्के असले की ते वनाच्छादन होय. मालकी कोणाची, झाडे कोणती, हा प्रश्न त्यात येत नाही. डिचोली-पेडण्याच्या डोंगरांवरील दाट काजूबागाही त्यात बसतात. तेव्हा माट्टी-किंदळाचे रान जाऊन उद्या तेथे काजू उभा राहिला, तरी या हिशेबात तूट दिसणार नाही. ती दिसावयाची, तर नकाशा हाती घेऊन कोणीतरी डोंगर चढला पाहिजे. दोरीने चौकोन आखून त्यात माट्टीची रोपे किती, किंदळाची किती, आणि गेल्या वर्षीची त्यांतली किती तगली, हे मोजले पाहिजे.