पाळणाघराच्या दारातील तक्रार

संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. कचेरीतून धावतपळत आलेली आई दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेते आणि त्याच्या दंडावर तिला दातांचे वळ दिसतात. "तुमचे लक्ष कुठे होते?" हा पहिला प्रश्न. "एकटीने किती मुलांकडे बघायचे?" हे पहिले उत्तर. पाळणाघरातील पुष्कळशा भांडणांचा आरंभ असा दारातच होतो. दोघीही दमलेल्या, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे ते मूल दोघींच्या मध्ये!

वस्तुतः या वयाचे मूल चावते ते दुष्टपणाने नव्हे. खेळणे हिसकावले गेले, राग अनावर झाला, की ज्याला धड बोलता येत नाही त्याच्यापाशी दातांवाचून दुसरे साधन नसते. आईला हे ठाऊक नसते असे नाही. परंतु मूल परक्या हाती सोपवून गेल्याची टोचणी तिच्या मनात आधीच असते. इकडे तुटपुंज्या पगारात, स्वतःचे मूल शेजारणीच्या हवाली करून आलेल्या सेविकेला तो प्रश्न आपल्या मायेवरच घेतलेला संशय वाटतो.

अशा वेळी संचालिकेची खरी कसोटी असते. पालकांसमोर सेविकेला फटकारले की ती संध्याकाळ शांततेने जाते. पण पुढच्या खेपेस तीच सेविका वळ लपविते, आणि भ्यावयाचे ते याला. उलट सदैव सेविकेचीच बाजू घेतली तर पालक काही न बोलता मूल काढून घेतात. म्हणून दुखापत आईच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच दूरध्वनीने कळवावी: केव्हा झाले, कसे झाले, काय उपचार केला. चावणाऱ्या मुलाचे नाव मात्र सांगू नये; नाही तर उद्याचे भांडण दोन आयांचे. बोलणे दारात न करता आत बसून करावे, आणि तेवढा वेळ मूल दुसऱ्या ताईंकडे द्यावे.

न दिसणाऱ्या गोष्टीविषयी संशय लवकर वाढतो. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी कार्य आरंभिले, तेव्हा मुले बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. तेथे काय चालते ते घरच्या माणसांना कामे करता करता दिसे. शहरातल्या आईला ती सोय कोठली? २०१७ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली, ती या दृष्टीने मोलाची होती.

डबा परत का आला, न्यावयास उशीर का झाला, या कुरबुरी नियम आधी लेखी दिले तर बहुधा मिटतात. दंडावरचा वळ मात्र दोनतीन दिवस राहतो. त्या दिवसांत सकाळी मूल घेताना सेविकेने तो आपण होऊन पाहावा, आणि कितपत ओसरला ते आईलाही दाखवावे.