कोसमिनार आणि वाघखाना



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्हांला बोलावयास सांगितले, तेव्हा चिटणीसांची अपेक्षा बहुधा सरकारी नोकरीतील गमतीदार आठवणींची असावी. आठवण आम्ही एकच सांगणार आहोत, आणि ती भूषणावह नाही.

आपण दिल्लीकर मराठी मंडळी गावाकडचे पाहुणे आले की त्यांना पुराना किल्ला दाखवितो, आणि मुले बरोबर असली की शेजारचे प्राणिसंग्रहालय. या प्राणिसंग्रहालयाचे उद्घाटन १ नोव्हेंबर १९५९ रोजी विदर्भाचे सुपुत्र आणि तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांनी केले, हे मात्र पाहुण्यांना सांगावयाचे आपण विसरतो. गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे हे त्याचे वैशिष्ट्य. ही पद्धत हागेनबेक यांनी १९०७ साली हॅम्बुर्गजवळ रूढ केली. दिल्लीत ती आली तेव्हा ती आधुनिकच होती. परंतु तेव्हाचे आधुनिक आज जुने झाले. प्राण्यांना अधिक ऐसपैस जागा हवी, रात्रीचे निवारे हवेत, सुसज्ज दवाखाना हवा.

आणि याच आवारात मोगलांच्या काळचा एक कोसमिनार उभा आहे. जुन्या राजरस्त्यावर दर कोसाला वाटसरूंना अंतर कळावे म्हणून बांधलेला हा भरीव मनोरा. तो संरक्षित स्मारक आहे. २०१० साली दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत ते परवानगीनेच करावयाचे. नकाशावर मिनाराभोवती आणि किल्ल्याच्या तटालगत या रेषा ओढून पाहाव्यात, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या अधिकाऱ्याची चिंता कळेल. तो म्हणतो, आजारी हरणापेक्षा विटांचा खांब मोठा का? पुरातत्त्ववाला म्हणतो, हरणाचा वंश चालतो, मिनाराचा चालत नाही. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. आमच्या मते अडचण कायद्याची नसून नकाशा उशिरा उघडण्याची आहे. त्या वर्तुळात झाडे, सावली, पायवाट असावी. दवाखाना आणि निवारे बाहेर असावेत. हे पहिल्या दिवशी ठरले तर कोणाचेच बिघडत नाही. शेवटच्या दिवशी ठरवावयाचे म्हटले, की कोणाला तरी बळी द्यावे लागते.

आता ती आठवण. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या संस्थानी शहरात आमची नेमणूक होती. तेथील बागेत संस्थानिकांनी बांधविलेला घडीव दगडाचा वाघखाना होता. बाहेरून देखण्या कमानी आणि आत अंधाऱ्या, अरुंद कोठड्या. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यावर अशा कोठड्यांतून वाघ ठेवणे चालण्यासारखे राहिले नव्हते, आणि ते योग्यच होते. वाघांना नव्या आवारात हलविण्याचा प्रस्ताव आला. त्याच्या शेवटी एक ओळ होती, की निरुपयोगी झालेले बांधकाम पाडून जागा मोकळी करावी. आम्ही ‘सहमत’ असा शेरा मारून फाईल वर पाठविली. प्राण्यांच्या कळवळ्याने तसे केले, असे म्हणण्याची सोय आहे. खरे म्हणजे साडेपाच वाजत आले होते. वाघ सुखी झाले. वाघखाना उभा राहिला असता तरी ते तितकेच सुखी झाले असते, हे पुढे दोन वर्षांनी त्या जागेवर मोटारींचा तळ पाहिला तेव्हा आम्हांला उमगले.

याच्या उलट चूकही घडते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९३४ साली लुबेटकिन यांनी पेंग्विनांसाठी काँक्रीटचा तलाव बांधला. एकमेकींना वेढणाऱ्या त्याच्या दोन उतरंडी शिल्पासारख्या सुंदर आहेत. परंतु काँक्रीटवर चालून पक्ष्यांच्या पायांना इजा होऊ लागली. वास्तू वरच्या श्रेणीतील संरक्षित, तिच्यात फेरफार करणे अवघड. अखेर २००४ साली पेंग्विन तेथून हलविले आणि तलाव रिकामा राहिला. रिकाम्या तलावाबद्दल पुष्कळांना हळहळ वाटते. आम्हांला वाटत नाही. वास्तू जिवंत दिसावी म्हणून जनावराने त्रास सोसावा, ही अपेक्षा आम्हांला पटत नाही.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण मुंबईत गेले, त्यांना भायखळ्याची राणीची बाग आठवत असेल. तेथे एक हत्ती शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच जागी उभा आहे. घारापुरीचा तो पाषाणाचा हत्ती! १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याच्या खटपटीत तो फुटला, आणि १९१४ साली त्याचे तुकडे बागेत जुळविले गेले. शेजारचे १८७२ सालचे वस्तुसंग्रहालय, जे आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, ते पडझडीला आले होते. काळजीपूर्वक डागडुजी होऊन २००८ साली ते पुन्हा उघडले. त्याच बागेत २०१६ पासून पेंग्विनही आहेत. त्यांच्यासाठी मात्र थंड हवेचे स्वतंत्र घर बांधावे लागले.

गेल्या हिवाळ्यात भाच्याची मुलगी दिल्लीला आली होती. कोसमिनाराला तिने एक पूर्ण फेरी मारली आणि विचारले, “आजोबा, याला दारच नाही. मग यात कोण राहतं?” कोणी राहत नाही, असे आम्ही सांगितले. तिचा थोडा विरस झाला, आणि ती पांढरा वाघ पाहावयास पुढे पळाली.